विधवांचा पिवळा झगा

पिवळा रंग फोटोत काळा उतरतो. हे मला ठाऊक होतं. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कड घ्यायला नको.

नऊ वर्षं झाली, रूआं शहरात नदीकाठच्या रस्त्यावर मस्यू केनेल यांच्या स्टुडिओत मी बायकांना फोटोसाठी सजवते. काचेवर जे औषध लावतात त्याची खोडच आहे तशी. निळं कापड पांढरं दिसतं, लाल काळपट दिसतं, आणि पिवळं म्हणजे निव्वळ डांबर. मालकांनी मुद्दाम एक पिवळा रेशमी झगा जुन्या बाजारातून उचलून आणला होता. असला भडक रंग कोणी घेईना, म्हणून मातीमोल मिळाला. नवरा गेलाय, पण काळं रेशीम परवडत नाही, अशी कोणी आली की आम्ही तो तिच्या अंगावर चढवायचो. फोटोचं कार्ड छापून आलं की वाटायचं, बाईने दुखवट्याला काय उंची कापड घेतलंय! आमच्यात त्याचं नावच पडलं होतं, विधवांचा पिवळा. त्या बिचाऱ्या हळदीसारख्या पिवळ्याधमक होऊन रडवेल्या तोंडाने बसायच्या आणि मी पडद्यामागे तोंडाला रुमाल लावून हसायची.

तसं बघायला गेलं तर आमच्याकडे आहे तशी दिसायला कोणीच येत नाही. वाण्याची बायको येते ती वकिलाच्या बायकोसारखी दिसायला, वकिलाची येते ती सरदारणीसारखी. कार्ड तळहातापेक्षा लहान, पण ते चार घरच्या आल्बममध्ये जाऊन बसणार, लोक पानं उलटून बघणार. म्हणून पुठ्ठ्याचा खांब, कापडावर रंगवलेला बगीचा, आणि आमच्या कपाटातले झगे. कोणाचे हात लपवायचे, कोणाची हनुवटी उचलायची, हे मला जिना चढणाऱ्या बाईच्या पावलांवरूनच कळतं. मालक एकदा म्हणाले, "लेओकादी, तू धोबिणीचीसुद्धा सरदारीण करशील." मला ते फार आवडलं होतं. मी ते चार ठिकाणी सांगितलंही.

ओनोरीन खरोखरच धोबीण होती. आमचे टॉवेल, झग्यांच्या कॉलरी, मालकांचे सदरे, सगळं तिच्याकडे. दर सोमवारी टोपली घेऊन यायची, आणि टोपलीत धुतलेल्या कपड्यांवर तिचं पोर, देझिरे. वय तेवीस-चोवीस, तोंडाची फटकळ, हसायला लागली की जिन्यापर्यंत ऐकू जायचं. नवरा प्रॉस्पेर शिपाईगडी, सम्राटांच्या लढाईसाठी मेक्सिकोला गेलेला. पोराच्या जन्मानंतर महिना-दोन महिन्यांतच त्याची पलटण बोटीवर चढली होती.

१८६४च्या मार्चातली गोष्ट. एका सोमवारी तिने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, आज मी गिऱ्हाईक म्हणून आलेय. हसू नका."

"अगं, हसतंय कोण? कोणाला पाठवायचाय फोटो?"

"प्रॉस्पेरला. त्याच्या पलटणीत सगळ्यांच्या बायकांची कार्डं आलीत म्हणे. ते एकमेकांना दाखवतात आणि हा मेला नुसता बघत बसतो. आठ महिन्यांत सुटतोय तो. तोवर निदान तोंड तरी बघू दे. आणि ह्याला मांडीवर घ्यायचंय मला."

मस्यू केनेल काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "पोर नको. पोर हललं की तीन डोकी उमटतात. काच वाया जाते."

"झोपलेलं असलं तर, मालक?"

"झोपलेल्या पोराचा फोटो मेलेल्या पोरासारखा दिसतो. तुला तसा हवाय?"

तिने झटकन छातीवर क्रूसाची खूण केली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मग कार्डामागे तुम्ही लिहाल ना? मला अक्षर येत नाही. लिहा, पोराला खालचे दोन दात आलेत. आणि तो सगळ्यांना चावतो. एवढंच लिहा, त्याला पुरे."

"लिहीन गं बाई, लिहीन," मी म्हटलं.

कपाट उघडलं तेव्हा तिची नजर निळ्या झग्यावर गेली. बोटाच्या टोकाने तिने त्याची बाही हळूच शिवली. निळा अकरा वाजता दारूच्या व्यापाऱ्याच्या बायकोसाठी काढून ठेवला होता, पण दहा वाजता ओनोरीनला घालायला काय हरकत होती? पाव तासाचा प्रश्न. पण तिच्या अंगाला सोड्याचा वास येत होता, पाठ घामाने भिजलेली. मला वाटलं, डाग पडेल. जी बाई त्याच झग्याची कॉलर दर आठवड्याला धुऊन, कडक इस्त्री करून आणून देते, तिच्या अंगाचा डाग पडेल असं मला वाटलं! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी पिवळा काढला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "हा असाच दिसणार? पिवळा?"

"सरदारीण दिसशील," मी म्हटलं. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मी खोटंही बोलत नव्हते. आमच्या शहरात चांगल्या घरच्या बायका काळ्या रेशमातच फोटो काढतात. काळं रेशीम म्हणजे घरात सुबत्ता. माझं डोकं तेवढंच चाललं. तिच्या आणि प्रॉस्पेरच्या खेड्यात कोणी मेल्याशिवाय बाई काळं अंगाला लावत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझी आईसुद्धा तसल्याच खेड्यातली, तरी आलं नाही.

मग मी माझी सगळी हुशारी तिच्यावर खर्च केली. तिचे हात धुण्याने लाल झालेले. लाल म्हणजे फोटोत काळवंडणार, कोळसेवालीचे हात दिसणार. म्हणून मी त्यांत मोठा लेसचा पांढरा रुमाल दिला आणि सांगितलं, घट्ट धर. ती हसायला लागली. मी दटावलं, "दात काढू नकोस. मोठ्या घरच्या बायका फोटोत हसत नाहीत." मानेमागे लोखंडी चिमटा लावला. पोर माझ्या मांडीवर, यंत्राच्या डाव्या बाजूला. मालकांनी झाकण काढलं आणि एक, दोन, तीन मोजायला लागले. नेमकं तेवढ्यात देझिरेने माझा अंगठा कडकडून चावला आणि मी "आई गं" केलं. तिची मान हलली नाही, चिमट्याने हलू दिली नाही. पण डोळे आमच्याकडे वळले, काळजीने भरलेले. नऊ मोजेपर्यंत ते तिथेच राहिले.

बुधवारी कार्ड छापून आलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. असं काही साधलं होतं की विचारू नका. काळंभोर रेशीम, चुण्यांवर चमक, गोरा गंभीर चेहरा, पांढरा रुमाल. नोटरीच्या दिवाणखान्यात खपलं असतं. डाक सोळा तारखेच्या बोटीने जाणार होती, म्हणून एक कार्ड आम्हीच परस्पर टाकायचं ठरलं होतं. मी पाकिटावर पलटणीचा पत्ता लिहिला. कार्ड उलटं केलं. मागे सोनेरी अक्षरांत मालकांचं नाव, खाली वेलबुट्टी. लेखणी शाईत बुडवली.

पोराला खालचे दोन दात आलेत. तो सगळ्यांना चावतो.

मला हात उचलवेना. एवढ्या देखण्या कार्डाच्या पाठीवर दातांचं काय लिहायचं? कसं दिसेल ते? गावंढळ दिसेल. चिठ्ठी वेगळी लिहून आत घालता आली असती. तेही सुचलं होतं मला. कंटाळा केला. दाताचंच तर आहे, पुढच्या महिन्यात लिहू, असं म्हणून मी पाकीट बंद केलं आणि लाखेचा शिक्का मारला.

सोमवारी ओनोरीन आपलं कार्ड न्यायला आली. बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"ताई, हे काळं कसं?"

"फोटोत सगळं काळं-पांढरंच असतं, येडे."

"ते ठाऊक आहे. पण हे… कोणीतरी गेल्यासारखं वाटतंय. प्रॉस्पेरला भलतंच काही वाटायचं नाही ना?"

"वाटेल कसं? मागे लिहिलंय की सगळं," मी म्हटलं.

तिने माझ्या गालाचा मुका घेतला. "दातांचं लिहिलंत?"

"दातांचं, चावण्याचं, सगळं."

ह्यात सोडवणूक नाही. झग्याचं मी समजा चुकून म्हणेन, चिठ्ठीचं आळसाने म्हणेन. पण हे मी तिच्या डोळ्यांत बघून बोलले. आणि त्यानंतर एप्रिलची बोट गेली, मेची गेली, जूनची गेली. दर वेळी एक ओळ टाकता आली असती. पण ती टाकायची म्हणजे आधीची टाकली नव्हती हे स्वतःशी कबूल करायचं. सोमवारी ती आली की मी देझिरेला जरा जास्तच वेळ खेळवायची, एवढाच काय तो माझा पश्चात्ताप.

ऑगस्टच्या शेवटी ती धावतच जिना चढून आली. हातात पत्र. "ताई, वाचा! लवकर वाचा! येतोय का?"

पत्र पलटणीतल्या कारकुनाच्या हातचं होतं. मी मोठ्याने वाचायला लागले. "प्रिय ओनोरीन, कार्ड पोहोचलं…" आणि पुढची ओळ दिसताच मी थांबले. पुढच्या ओळी मी डोळ्यांनी वाचल्या. मागे काही लिहिलेलं नव्हतं, पण न लिहिताच कळलं. अख्ख्या तंबूने कार्ड बघितलं आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या. तुझा काळा झगा, रुमाल, रिकामी मांडी. तू ज्या बाजूला बघतेस तिथे त्याचा पाळणा असेल, असं सार्जंट म्हणाले. मला आता त्या घरात येऊन रिकामा पाळणा बघवायचा नाही. मी आणखी सात वर्षांच्या करारावर अंगठा दिला आहे. हाती आलेले पैसे पाठवतो. थडग्यावरचा लाकडी क्रूस कुजतो, आपल्या देझिरेला लोखंडी लाव.

"थांबलात का?" ओनोरीन म्हणाली.

"अक्षर लागत नाहीये," मी म्हटलं. "म्हणतो, कार्ड पोहोचलं. फार आवडलं. आणि… त्याने आणखी सात वर्षांचा करार केलाय. पगार चांगला आहे म्हणे. थोडे पैसे पाठवलेत."

देझिरे खाली माझ्या पायाशी बटणांचा डबा उपडा करत होता. ओनोरीनने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट बघितलं, घडी घातली आणि पोराला उचलून निघून गेली. तिला पत्र वाचता येत नव्हतं, म्हणून मी बचावले. असा विचार तेव्हा माझ्या मनात आला, खरंच आला.

तीन दिवसांनी ती परत आली. डोळे सुजलेले, पण तोंड बंद केलेल्या कुलपासारखं. कपडे बदलायच्या खोलीत दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसली.

"कागद घ्या. लिहा. तिकडे तुला कोणीतरी भेटलीय हे मला कळलं. घाटावरच्या सगळ्या बायका तेच म्हणतात. लिहा, तू मला मेलास. परत आलास तर दार उघडणार नाही. पोराला सांगीन, बाप लढाईत गेला."

मी लेखणी धरून बसले. "लिहा की!" ती ओरडली. "माझ्यासाठी नाही का लिहायचं? दातांचं लिहिलंत ना?"

"नाही," मी म्हटलं. "नाही लिहिलं."

आणि मग मी सगळं सांगितलं. पिवळा झगा कशासाठी असतो ते, रुमाल, चिठ्ठी, पत्रात खरं काय आहे ते. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, मी कपाटाच्या मुठीकडे बघून बोलत होते. माझं सांगून संपलं. मग तिने झग्याच्या आतून पत्र काढून माझ्यासमोर टाकलं. "वाचा. पहिल्यापासून. एक अक्षर खाऊ नका."

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. टोप्या काढल्या तिथे तिने डोळे मिटून घेतले.

"दोन ओळी लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"

"कार्डाला शोभलं नसतं," मी म्हटलं.

तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त देझिरेला माझ्याजवळून ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"आत्ता लिहिते," मी घाईघाईने म्हणाले. "आजच्या आज. सगळं माझ्या नावाने लिहिते, चूक माझी म्हणून. सोळा तारखेची बोट मिळेल. पोर ठणठणीत आहे म्हणून कळवते…"

"खबरदार!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"करार मोडतो का, ताई? अंगठा दिल्यावर?"

"नाही मोडत."

"मग? हा जन्मला ना, तेव्हा प्रॉस्पेर शेरबूरच्या छावणीतून पळून आला होता. रजा देईनात म्हणून. भिंतीवरून उडी मारली आणि चालत आला. एक रात्र पोराला छातीवर घेऊन बसला आणि सकाळी शिपाई त्याला दोरी लावून घेऊन गेले. महिनाभर कोठडी झाली. साहेबाने सांगितलंय, आता एकदा पळालास तर भिंतीशी उभा करून गोळी घालीन." तिने देझिरेला घट्ट धरलं. "पोर जिवंत आहे आणि सात वर्षं भेटायचं नाही, एवढं कळलं तर तो वेडा एक दिवस राहायचा नाही तिथे. मी ओळखते त्याला. पळेल तो. आणि परक्या मुलुखात पळून जाणार कुठे?"

"पण मग त्याला काय…"

"उतरू दे सात वर्षांनी बोटीतून. दारात पोर उभं करीन. मग मला काय मारायचं ते मारू दे."

आणि तो तिकडेच गेला तर? तापाने, गोळीने, कशानेही? पोर नसल्याच्या दुःखातच गेला तर? हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. तिलाही ते कळत होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं.

"लिहा," ती म्हणाली. "पैसे मिळाले. क्रूस लावला. लोखंडीच लावला."

मी लिहायला लागले आणि मला रडू फुटलं. देझिरे तिच्या मांडीवरून वाकून लेखणी पकडायला बघत होता.

"रडू नका," ती म्हणाली. "कागद भिजेल."

सोमवारी ती अजून येते. टोपली ठेवते, मोजून देते, जाते. पोराला आता टोपलीत बसवत नाही, ते चालायला लागलंय. मला तिने दुसरी शिक्षा केली नाही. मालकांना काही सांगितलं नाही, घाटावर माझं नाव घेतलं नाही. फक्त पत्र आलं की माझ्याकडेच आणते, दुसऱ्या कोणाकडे नेत नाही.

जानेवारीत त्याचं उत्तर आलं. क्रूस लावला हे वाचून बरं वाटलं, असं लिहिलं होतं. आणि पुढे लिहिलं होतं, आणखी एकच गोष्ट कळव. झोप लागत नाही मला. शेवटी त्याला फार त्रास झाला का?

मी वाचून दाखवलं. देझिरे खिडकीच्या काचेवर दोन्ही तळहात आपटून खालच्या घोड्यांना हाका मारत होता, इतक्या मोठ्याने की मालकांनी बाहेरून "श्श" केलं. ओनोरीनने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला नाही सुचत असलं," ती म्हणाली. "तुम्हीच लिहा. सजवता तुम्हाला येतं."

मी चांगला कागद घेतला. अजिबात त्रास झाला नाही, असं लिहिलं. झोपेतच गेला, माझ्या मांडीवर.